वाळूच्या ढिगात थांबणारी पिकअप

सरांची पिकअप वाळूच्या ढिगात शिरली, तेव्हा मी चहा पीत होतो. दचकलो वगैरे नाही. तो ढीग मी त्यांच्यासाठीच ठेवला होता.

लातुरात बार्शी रोडला माझं गॅरेज होतं. येरोळकर सर फिजिक्सचे क्लास घ्यायचे. गावोगावची पोरं गादी-बादली घेऊन लातुरात राहायला यायला लागली होती, ते दिवस. सरांची एक बॅच सुटायची तेव्हा दुसरी दारात ताटकळत असायची. एवढा नावाजलेला माणूस, पण गाडी कोणती? सरकारी लिलावात घेतलेली, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी पिकअप.

त्या दिवशी डाव्या दारातून बाई उतरल्या. सरांच्या मिसेस, झेडपीच्या शाळेत हेडमास्तरीण. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"मिस्त्री, निकाल आठ दिवसांवर आलाय. यंदा हे मेरिटची पोरं ह्या गाडीत उभी करून मिरवणूक काढणार म्हणायलेत."

"ट्रॅक्टर सगळेच आणतात," सर म्हणाले. "आपली स्वतःची गाडी पाहिजे."

"लोकाची लेकरं हायेत ती. ब्रेक नीट झाला न्हाई, तर गाडी भंगारात जाईल. आन् नीट झाला का न्हाई, ते मी ठरवणार."

सरांचा चेहरा उतरला.

आता ब्रेकचं सांगतो. ह्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे चाकाच्या आतला लोखंडी डबा. पेडल दाबलं की आतले दोन लायनर फाकतात आणि डब्याला आतून घासतात. इथं डबा झिजलेला, लायनर गुळगुळीत. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर तर गाडीला जन्मापासूनच नव्हता. म्हणून सर पेडलला तीनदा पंप मारायचे. पहिला मेडिकलपाशी, दुसरा चहाच्या टपरीपाशी, तिसरा माझ्या बोर्डापाशी. उरलेलं काम वाळू करायची. पंप मारायला म्हणून त्यांनी जाड तळाचे बूट मुद्दाम घेतले होते. क्लासमध्ये चपला, गाडीत बूट.

नवी गाडी का घेत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "रशीदभाई, भूकंप झाला त्या सकाळी ही एका चावीत सुरू झाली. महिनाभर पाणी आन् ब्लँकेटं नेली हिनं. येताना माणसं आणली." एवढं सांगून ते बॉनेट पुसायला लागले. तेव्हापासून त्या गाडीवर माझीही माया बसली. ती भंगारात जाऊ द्यायची नाही, हे मी बाईंसमोरच मनात पक्कं केलं.

सामान नांदेडला मिळालं. देगलूर नाक्याकडं एका भंगारवाल्याच्या आवारात हदगावची एक नवी पिकअप पडली होती. कापूस भरून जाताना उलटली आणि कापसावरच पडली. ड्रायव्हरला खरचटलंही नाही, गाडी मात्र गेली. ज्या गाडीचं सामान काढून दुसरीला लावायचं तिला इंग्रजीत डोनर म्हणतात. आम्ही मयत म्हणतो.

"ब्रेक चांगले हायेत का?" मी विचारलं.

"एकदम कडक."

"मग उलटली कशी?"

"ब्रेक लागले म्हणूनच तर उलटली ना, मिस्त्री!"

मी हसलो आणि सामान टेम्पोत टाकलं. तो माणूस धोक्याची सूचना देत होता, हे नंतर कळलं.

मयतीच्या पुढच्या दोन डिस्क आणल्या. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी लोखंडी थाळी. कॅलिपर तिला दोन्हीकडून चिमट्यासारखा धरतो. बूस्टर आणला, ब्रेकचं तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर आणला. डिझेल इंजिनाच्या बूस्टरला हवा ओढणारा पंप लागतो, तोही आणला. तीन दिवस खटपट केली तेव्हा सगळं बसलं. फक्त पुढची चाकं पाच नटांची झाली आणि मागची सहाचीच राहिली. म्हणजे स्टेपन्या दोन. सरांना त्याचाही अभिमान वाटला.

पाइप टाकताना डाव्या सीटपुढची मॅट उचलली, तर खालच्या पत्र्याला बशीएवढा खोलगट खड्डा होता. कुणीतरी जॅक आपटला असेल, असं म्हणून मी तो हातोडीनं सरळ केला.

ट्रायल मी स्वतः घेतली. पेडलला अंगठा टेकवला की गाडी उभी. खुशीत सरांना बोलावलं. सर बूट घालून आले.

मेडिकल आलं. सरांनी सवयीनं पहिला पंप हाणला. गाडी तिथंच खिळली आणि सरांचं कपाळ काचेवर आपटलं. मेडिकलवाला बाहेर येऊन म्हणाला, "बोला सर, काय देऊ?"

"मिस्त्री," सर कपाळ चोळत म्हणाले, "ब्रेक लई लागायलाय."

"त्यासाठीच बसवलाय, सर."

"ह्याला जडत्व म्हणतात. गाडी थांबते, माणूस थांबत न्हाई."

"माणूस थांबतो हो, तुमचा पाय थांबत न्हाई."

मी गाडीचा ब्रेक बदलला होता. सरांचा पाय जुन्याच गाडीत राहिला होता. पण बाईंनी ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या काठोकाठ भरलेलं ताकाचं पातेलं घेऊन मागं चढल्या आणि स्टेपनीवर बसल्या.

"सांडलं की नापास," त्या म्हणाल्या.

चहाच्या टपरीपाशी सरांनी ब्रेक मारला. मी मागं पाहिलं. पातेलं रिकामं होतं आणि बाई पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दोन दिवस देते," त्या म्हणाल्या. "रिपीटर म्हणून."

मग मी सरांचा क्लास घेतला. गावाबाहेरच्या मैदानावर, सकाळी साडेपाचला, सहाच्या बॅचच्या आधी. पहिला धडा, बूट काढा. दुसरा, टाच जमिनीवर टेकवा, नुसती बोटं दाबा. सरांना ते जमेना. ते मांडीपासून पाय उचलायचे आणि उखळात मुसळ घातल्यासारखा पेडलवर आणायचे. पंधरा मिनिटांत माझ्या मानेला लचक भरली. मग सर कारणं सांगायला लागले. रात्री झोप झाली न्हाई. पेडल सिलॅबसच्या बाहेरचं हाय.

"सर, तुमच्या क्लासात पोरगं असं म्हणालं तर काय करता?"

"बापाला बोलावतो."

"मग बाईंना बोलावू का?"

सर परत सीटवर बसले. त्यानंतर चुकले, पण तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत परीक्षा. सर अनवाणी. टपरीपाशी ताक काठापर्यंत आलं, क्षणभर थांबलं आणि मागं गेलं. बाई एक पेला स्वतः प्यायल्या, एक मला दिला. सरांना दिला नाही.

मिरवणुकीत अकरा पोरं होती. गंजगोलाईच्या चौकात एक म्हैस आडवी आली. सरांनी बोटं टेकवली. गाडी अशी थांबली, की पोरांच्या गळ्यातले हारसुद्धा हलले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू! लोकांचं लक्ष मात्र सरांच्या अनवाणी पायांकडं. पोरांसाठी नवस बोललाय, अशी गावभर बोलवा झाली. पुढच्या वर्षी दोन क्लासवाले भर उन्हात चपला काढून मिरवणुकीत चालले. डांबर तापलं होतं, त्यामुळं ते बरेच नाचले.

सहा महिन्यांनी पिकअप सर्व्हिसिंगला आली. वाळूचा ढीग मी केव्हाच उचलला होता. डिस्कचे पॅड तपासले, जेमतेम झिजलेले. म्हणजे सरांचा पाय सुधारला होता. मग सहज डाव्या बाजूची मॅट उचलली. पत्र्यात बशीएवढा खड्डा. त्याच जागी.

बाई शेजारीच उभ्या होत्या. मी खड्ड्याकडं पाहिलं, मग त्यांच्या उजव्या पायाकडं.

"बाई, आता ब्रेक चांगला लागतो की."

"लागतो ना," त्या हळूच म्हणाल्या, सर ऐकणार नाहीत असं. "तुमचा ब्रेक तुम्ही बघा, मिस्त्री. माझा मी बघते."

मी त्या जागी जाड प्लेट वेल्डिंग करून दिली. तेव्हापासून ब्रेकचं काम झालं की ड्रायव्हरला काही विचारत नाही. आधी शेजारच्या सीटपुढची मॅट उचलून बघतो.