बशीतलं मीठ

भात कापून झालं त्या दिवशी वडील गेले. तेरावं उरकलं आणि झोडणी माझ्यावर आली.

आमचं शेत खाडीकाठी. खारा वारा सुटला की वाळलेला दाणाही हवेतलं पाणी पिऊन घेतो आणि खरेदी केंद्रावर ओलावा मोजायच्या यंत्रात ओला निघतो. ओलं भात परत पाठवतात. गावातल्या प्रत्येकाचा टेम्पो कधी ना कधी परत आलेला. वडिलांचा मात्र एकदाही नाही. परत येणाऱ्याला ते तिठ्यावर गाठायचे. "काय रे, भाताला समुद्र दाखवून आणलास?" त्यामुळे यंदा अख्खा गाव माझ्या टेम्पोवर डोळे लावून होता.

वडिलांचं यंत्र म्हणजे बशीत मूठभर मीठ. सकाळी बशी खळ्यावर ठेवायची. दुपारी मीठ कोरडं असेल तर पोती भरायची, पाणी सुटलं असेल तर भात तसंच पसरून ठेवायचं. मी शाळेत शिकवून घरी आलो आणि पुस्तक उघडलं की म्हणायचे, "मास्तर, मीठ वाचता येतंय का तुमाला?"

येत होतं की. मी बशी ठेवली. शर्ट पाठीला चिकटत होता, पण दुपारी मीठ कोरडं. मी पोती भरली.

केंद्रावरच्या माणसाने यंत्रात दाणे घातले, आकडा पाहिला, मग मला पाहिलं. "गुरुजी, हे भात आहे की पेज?"

तिठ्यावर शेजारचे काका उभेच होते. वडिलांचा टोमणा सगळ्यात जास्त वेळा त्यांनीच खाल्लेला. "काय मास्तर," त्यांनी सावकाश, चवीने विचारलं, "समुद्र बघून आलं का भात?"

घरी आईने बशीतलं मीठ चिमटीत घेतलं.

"कुठलं हे?"

"आपलंच. डब्यातलं."

"अरे देवा! पुडीतलं मीठ ते. पावसात पण सुटं राहतं म्हणून तर घेते मी. त्याला कुठून घाम येणार? तुझे वडील खडेमीठ आणायचे, रेवदंड्याहून, मासळी खारवायचं." आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. ते गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी रेवदंड्याहून खडेमीठ आणलं. चार दिवस बशीत पाणी साचत होतं. पाचव्या दिवशी मीठ कोरडं राहिलं, आणि केंद्रावर भात घेतलं.

वडिलांचं भात एकदाही परत आलं नाही. माझं एकदा आलं. बशी खिडकीत आहे. तिच्यात खडेमीठ आहे.