कुंकवाखालची तारीख

आमच्या घरात दर दसऱ्याच्या आयुधपूजेला माझ्या ड्रायव्हिंग लायसन्सची साग्रसंगीत पूजा होते. गाडीला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं आणि बॉनेटवर लायसन्स; त्यावर ओल्या कुंकवाचा टिळा. (ते काढताना मी परीक्षा दिलीच नव्हती. एजंटाने घरपोच आणून दिलं. म्हणजे प्रसादच तो!)

मग माझी मुलगी नेहा गाडी शिकायला लागली. शिकाऊ लायसन्स, पुढे-मागे लाल 'एल', आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच, असा नियम. तो माणूस मी!

"अण्णा, बेल्ट लावा."

"चामराजपेटेत बेल्ट कोण लावतं गं?"

"अण्णा, सिग्नल लाल आहे."

"स्वल्प पुढे घे. कोण बघतंय?"

बिचारीने बापाचं ऐकलं. गाडी थेट झेब्रा क्रॉसिंगवर गेली आणि फुलांची टोपली घेतलेली एक आजी दचकून मागे उडाली. टोपली उलटी, आजी शिव्या देतायत, आणि ट्रॅफिक पोलीस समोर उभा!

नेहाचे कागद चोख निघाले. मग तो माझ्याकडे वळून कानडीत म्हणाला, "लायसन्स तोर्सी."

मी रुबाबात दाखवलं. तारखेच्या जागी कुंकवाचा जाड थर होता. त्याने नखाने खरवडला. तारीख उलटून तीन वर्षं झाली होती! तीन दसरे मी मेलेल्या लायसन्सला ओवाळत होतो!

"सार, हिच्या शेजारी लायसन्सवाला बेकु, हवाच. तुम्ही कोण?"

"मी तिचा बाप!"

"अप्पा आदरे सालदु, सार." (नुसतं बाप असून भागत नाही!)

नेहाचे डोळे भरून आले. सोमवारी तिची पक्क्या लायसन्सची परीक्षा होती, आणि आता तिच्या नावावर केस होणार! तरी ती त्याला म्हणते काय, "सार, चूक माझी. अण्णांना काही बोलू नका."

मला इतकी लाज वाटली, की धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "नाही हो," मी कसाबसा म्हणालो, "पुढे घे असं मीच सांगितलं." त्याने तिला समज देऊन सोडलं आणि पावती माझ्या नावाने फाडली. खाली उतरून मी आजींची फुलं वेचली. त्यांच्या शिव्या तेव्हाही चालूच होत्या, आणि सगळ्या रास्त होत्या.

सोमवारी नेहा एका झटक्यात पास झाली. माझं लायसन्स मात्र संपून वर्ष उलटलेलं, त्यामुळे नियमाप्रमाणे परीक्षा पुन्हा पहिल्यापासून! मी एजंटाला फोन लावला, तर नेहाने तो हातातून काढून घेतला.

मग परीक्षेच्या मैदानावर आठचा आकडा काढताना मी तीन खांब पाडले. चौथा वाचला, कारण तोवर गाडी बंद पडली होती. परीक्षा घेणारे साहेब मायेने खिडकीशी आले.

"परवागिल्ला सार, काही हरकत नाही. पहिल्यांदाच चालवताय ना? होतं असं."

तेवीस वर्षं गाडी हाकणाऱ्या मी फाटकाशी उभ्या असलेल्या नेहाकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणालो, "हो साहेब. पहिल्यांदाच!"