पलंगाची पडवी

पाळणा हा शब्द माझ्याशी कधी धड वागला नाही. ओठांवर 'पाळ' आणि 'बाळ' अगदी सारखे दिसतात, आणि मी बोलणं ऐकत नाही, बघते. लहानपणी तापात माझे कान गेले. उजव्या कानात मशीन घातलं की कुकरची शिट्टी, पडलेलं भांडं, दारावरची थाप एवढं कळतं. रात्री ते मशीन काढून डबीत ठेवलं की माझ्यापुरतं जग बंद. लोकांना याची दया येते. मला मात्र शेजारचा कोंबडा पहाटे उठवत नाही याचं सुखच होतं. पोटात बाळ राहिलं आणि पहिल्यांदा त्या सुखाची धास्ती वाटली.

धास्ती माझ्याआधी सासूबाईंना वाटली. सातवा महिना लागला तेव्हा आम्ही दोघी मागीलदारी कोकमं फोडत बसलो होतो. माझी आई नाही, त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. नवरा मुंबईला नोकरीला, गणपती-शिमग्याला येणारा. घरात आम्ही दोघीच. सासूबाईंनी हात थांबवला, मी नीट बघावं म्हणून तोंड माझ्याकडे केलं आणि म्हणाल्या, "रातचं पोर माज्याकडं झोपंल. तुला काय ऐकायला येनार नाय."

त्या वाईट मनाने बोलल्या नव्हत्या. तेच जास्त लागलं. वाईट मनाने बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं.

"पोर माझं आहे. माझ्याजवळ झोपेल," मी म्हटलं.

"आनि रडलं तर?"

मी कोकमं फोडत राहिले, जरा जोरातच. त्याच क्षणी मनात ठरवलं की उत्तर मी काढणार.

आमच्या डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलताना तोंडावरचा मास्क खाली करतात, म्हणून मी त्यांच्याकडेच जाते. त्यांनी सांगितलं ते मी दोनदा वदवून घेतलं. बाळ आईच्याच खोलीत झोपवायचं, पण आईच्या अंथरुणात नाही आणि आजीच्या कुशीत तर नाहीच. त्याची जागा वेगळी, सपाट आणि टणक. उताणं झोपवायचं. उशी नको, मऊ गोधडी नको, तोंडावर येईल असं काहीच नको. "हाताच्या अंतरावर ठेव," त्या म्हणाल्या. मी हाताकडे बघितलं. हात माझे धडधाकट होते.

आता ती जागा आणायची कुठून? आमच्या माजघरात छताला एक कडी आहे. जुनं घर पाडून स्लॅब टाकला तेव्हा सासूबाईंनी गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून ती टाकून घेतली होती. तेव्हा नवऱ्याचं लग्नसुद्धा ठरलं नव्हतं. पाळणा तिथेच लागणार हे त्यांनी मला न विचारता, किंबहुना मी या घरात येण्याआधीच, पक्कं केलेलं. पण माजघर आणि माझा पलंग यांच्यामध्ये एक भिंत. तिथे टांगलेलं बाळ रडलं तर ते साऱ्या वाडीला कळलं असतं, माझ्याशिवाय.

नवऱ्याने मुंबईहून मोबाईलवर फोटो पाठवायला सुरुवात केली. चाकांचे, जाळीचे, घडी घालून प्रवासाला न्यायचे. एका पाळण्यावर तो फारच खूश होता. व्हिडिओ कॉलवर हात उडवून सांगत होता, "हा गाणं म्हणतो! बाळ रडलं की आपोआप गाणं सुरू!"

"कोणासाठी?" मी विचारलं.

नेटवर्क अडकलं आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. बरंच झालं.

फोटोंतल्या एकाही पाळण्याची उंची आमच्या पलंगाशी जमत नव्हती. आमचा पलंग जुना, सासऱ्यांच्या वेळचा, फळ्यांचा आणि चांगला उंच. शेजारी पाळणा ठेवला तर मध्ये फट राहणार, आणि फटीत काय काय जाऊ शकतं हे मला डोळे मिटले की दिसायचं. शिवाय सगळ्यांना आतून कापसाचे मऊ कठडे. दिसायला गोजिरवाणे, पण डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलं ते नेमकं तेच. आपला हात जगन्नाथ म्हणत मी वीत टाकून पलंग मोजला आणि सुताराकडे गेले.

इथे माझं चुकलं. मी पाळणा म्हटलं.

मी म्हटलं, पलंगाला लागून ठेवायचा पाळणा हवा, एवढा उंच, एवढा लांब. सुतारकाकांनी मान डोलावली. पंधरवड्याने टेम्पो अंगणात उभा राहिला आणि त्यातून उतरलं ते फणसाच्या लाकडाचं एक देखणं प्रकरण. खाली चंद्रकोरीसारखे डोलणारे पाय, वर आडव्या दांडीवर चोचीला चोच लावलेले पोपट. काकांनी बोटाने ढकललं आणि ते पायरीपासून झुलत दूर गेलं, मग झुलत येऊन पायरीवर आपटलं.

"हलतो कशाला?" मी विचारलं.

"वैनी, पालना हलनार नाय तर काय उबा ऱ्हानार?"

मी घरातून एक रायवळ आंबा आणला. छोटासा, चोखून खायचा. कठड्याच्या दोन गजांमध्ये धरला तर आरपार गेला. "आंबा जातो तिथून बाळाचं अंगही घसरेल, आणि डोकं अडकेल," मी म्हटलं. काका माझ्याकडे आणि आंब्याकडे आळीपाळीने बघत राहिले.

एवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि जागच्या जागी थिजल्या. मूल जन्माला यायच्या आधी पाळणा घरात आणत नाहीत. रिकामा पाळणा हलवतही नाहीत. इथे तर तो अंगणात, भर उन्हात, रिकामा डुलत होता. त्यांचे ओठ इतके भराभर हलले की मला अर्धंही दिसलं नाही. 'अवदसा' दिसलं आणि ते माझ्यासाठी होतं. मला एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून द्यायची सोय नाही. जे दिसतं ते राहतं. मी तिथेच पायरीवर बसून रडले. पोटावर हात ठेवून, रागाने रडले.

टेम्पो परत निघाला तेव्हा मी डोळे पुसले आणि काकांना थांबवलं. पाळणा या शब्दात झोका आहे, पोपट आहेत, कडी आहे, विधिनिषेध आहेत. तो शब्द सोडल्याशिवाय मला हवी ती वस्तू मिळणार नव्हती. मी इकडेतिकडे बघितलं. समोर आमचं घर, त्याला लागून काढलेली पडवी.

"काका, घराला पडवी कशी असते?"

"कशी म्हंजे? घराला टेकून."

"हलते?"

"हॅ!"

"घर आणि पडवीच्या मध्ये फट असते?"

"फट कशी असंल? पानी नाय शिरनार?"

"तशी माझ्या पलंगाला पडवी काढून द्या. तीन बाजूंनी कठडा, चौथी बाजू पलंगाकडे उघडी. त्या बाजूला चार बोटं उंच पट्टी, बाळ घरंगळून माझ्याकडे येऊ नये म्हणून. जमीन पलंगाच्या बरोबरीची. आणि पलंगाला बोल्टने अशी घट्ट आवळायची, की पडवीला धक्का लागला तर पलंगाला कळलं पाहिजे."

ते शेवटचं वाक्य माझ्या तोंडून सहज गेलं. गेल्यावर माझं मलाच कळलं की सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर ते हेच.

काकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. पण सासूबाई दारात उभ्याच होत्या. आता त्या काय म्हणतात म्हणून मी त्यांच्या ओठांकडे बघितलं. त्यांनी पदर खोचला, पलंगाच्या खोलीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"पडवीच ना?" त्या म्हणाल्या. "मंग काडा. पडवी कवाबी काडावी. पालना आनायचा नसतो आदी, पडवीला कोन नाय म्हनलंय?"

मला हसू आलं आणि त्यांनाही. शास्त्राला अशी पळवाट काढावी तर आमच्या सासूबाईंनीच. पण आत जाता जाता त्या वळल्या आणि बोट उभारून म्हणाल्या, "रातचं काय ता बगू."

पडवी आली. रंग नाही, पॉलिश नाही, नुसतं घासून गुळगुळीत केलेलं फणसाचं लाकूड. आंबा कुठल्याच गजांतून जाईना. गादीवाल्याकडून काथ्याची पातळ, टणक गादी नेमक्या मापाची करून घेतली. कडेला बोट शिरणार नाही अशी. मग सासूबाईंनी ट्रंकेतून आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी काढली, आणि डोकं गोल व्हावं म्हणून मोहरी भरलेली उशी. दोन्ही मी परत केल्या. उशी त्यांनी मुकाट ठेवली, पण गोधडीची घडी घालताना त्यांचा हात रेंगाळला. मला वाईट वाटलं. "मालिश करताना हिच्यावरच घेऊ बाळाला, तुमच्या पायांवर," मी म्हटलं. हो म्हणाल्या नाहीत, पण गोधडी ट्रंकेत ठेवायच्याऐवजी त्यांनी दोरीवर उन्हात टाकली.

मुलगी झाली. घरी आलो. पहिल्या रात्री मी तिला पडवीत उताणी ठेवली, मशीन काढलं, हात पट्टीवरून आत टाकून तळवा तिच्या पायांशी गादीवर ठेवला आणि झोपले. जाग आली तेव्हा हाताखाली गादी गार होती. बाळ नव्हतं.

त्या क्षणाबद्दल मी फार लिहिणार नाही. कोणत्याही आईला कळेल. मी ओरडले असेन, कारण दारातून सासूबाई तिला खांद्यावर घेऊन धावत आल्या. त्या आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी सतरंजी टाकून झोपल्या होत्या, म्हणजे झोपल्याच नव्हत्या. बाळाने हूं केलं की मी हलायच्या आत उचलत होत्या. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मशीन कानात घातलं आणि त्यांच्यासमोर उभी राहिले.

"तुम्ही मला उठू देत नाही. मग मी उठते की नाही हे कळणार कसं?"

त्यांचे डोळे जागरणाने आत गेले होते. "तुला ऐकायला येत नाय ह्यात तुजं काय पाप हाय? पन तिचंबी काय पाप हाय?" त्या म्हणाल्या. "बरं. म्या हात लावनार नाय. पन येकदा जरी ती रडत ऱ्हायली आनि तू झोपलीस, तर रातची ती माज्याकडं. मंग बोलायचं नाय."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

त्याच दिवशी आंघोळ-शेक झाल्यावर बाळ झोपलं. मी मशीन डबीत ठेवलं, तळवा गादीवर टेकवला आणि आडवी झाले. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. बाळंतिणीची झोप दगडासारखी असते. मी त्या झोपेत बुडाले.

मला उठवलं ते एका थरथरीने. आधी तळव्यात, मग कोपरात, मग पाठीखालच्या फळीत. टक. टक टक. दोन इवल्या टाचा काथ्याच्या गादीवर आपटत होत्या आणि फणसाचं लाकूड ते बोल्टमधून माझ्या पलंगाला सांगत होतं. डोळे उघडले तर बाळाचं तोंड नुकतंच रडायला उघडत होतं. मी तिला उचललं, पदराखाली घेतलं. ती चुटूचुटू प्यायला लागली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. या वेळी रागाचं नव्हतं.

बाळ निम्मं पिऊन झालं तेव्हा सासूबाई दारात आल्या. हात वाटलेल्या खोबऱ्याने पांढरे. त्या मिक्सर लावून बसल्या होत्या.

"रडली काय गो?"

मी त्यांचे ओठ वाचले. इतक्या वर्षांत असं उत्तर द्यायची संधी मला कधी मिळाली नव्हती. "रडली असेल थोडी," मी म्हटलं. "मला काय विचारता, आई? कान तुम्हाला आहेत."

वाटलं, जास्त बोलले. पण त्यांनी पदराला हात पुसले, पलंगावर माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "कुटं कलतं? दाकव मना."

मी बाळाला ढेकर काढून पडवीत ठेवलं. सासूबाईंचा हात धरून गादीवर टेकवला. त्यांनी डोळे मिटले. बाळाने पाय ताणले, आखडले आणि हाणले. सासूबाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. त्यांनी हात काढला नाही. बाळ पाय मारायचं थांबलं तरी काढला नाही.

"तीन पोरं वाडवली म्या," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या. "रातरात छातीशी दरून बसायचे, झोप लागंल म्हनून भ्यायचे. माज्या पलंगाला कुनी पडवी नाय काडली."

त्यांचे डोळे मिटलेले, माझे कान बंद, आणि मध्ये बाळ. मी माझा तळवा त्यांच्या हातावर ठेवला.

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर त्यांनी उंबऱ्याजवळची सतरंजी गुंडाळून काखोटीला मारली. बाळाकडे एकदा वाकून बघितलं, तोंडावर काही आलं नाही ना ते तपासलं. "म्या झोपते आता," म्हणाल्या आणि दार लोटून आपल्या खोलीत गेल्या.

त्या मोठमोठ्याने घोरतात असं नवरा सांगतो. त्या रात्री घोरल्या असाव्यात. मी मशीन डबीत ठेवलं आणि हात पडवीत टाकला.