सूर्याच्या नादी लागलेले तिघे

सोलर पॅनल आठवडाभर पुसलं नाही की त्यावर धूळ साठते. किस्सेही तसेच साठतात, आणि ते तर पुसायलाही कुणी जात नाही! बेळगावच्या खासबागेत माझं पॅनल बसवायचं दुकान. शेजारच्याच शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी वैशाली आणि सदलग्याचा शेतकरी पारीस हे माझे दोस्त. तिघांना मिळून एकच खूळ, सूर्याचे फोटो काढायचे. डाग, ग्रहण, उगवती, मावळती, काहीही.

"रोज तोच सूर्य, फोटो कशाला?" लोक विचारतात.

वैशालीचं उत्तर ठरलेलं. "बायको रोज तीच, मग लग्नाचा अल्बम कशाला जपलाय?"

*

शहापुरात एका विणकराच्या गच्चीवर मी पॅनल बसवले. चार दिवसांत त्याचा फोन, "लाइटच तयार होईना झालीया!" तडक गेलो, शिडी लावून वर चढलो. पॅनलवर उडदाचे पापड!

"वहिनी, काढा हे. करंट थांबतोय."

"थांबू दे की! करंट काय, बारा महिने मिळंल. उन्हाळा थांबतोय व्हय माझ्यासाठनं?"

पापड वाळेपर्यंत मी चहा पीत बसलो.

*

पंपाला लाइट यायची ती रात्रीच, त्यामुळं पारीसच्या कित्येक रात्री उसाला पाणी पाजण्यात गेल्या. शेवटी त्यानं सोलर पंप बसवला. बांधावरच्या एका शहाण्यानं लगेच विचारलं, "आन् रातीचं पाणी कसं पाजणार रं?"

"न्हाईच पाजत. रातीचं मानसं झोपत्यात म्हणं. बघतो एकदा कसं वाटतंय!"

*

निपाणीजवळ रस्त्याकडेला लांबलचक लेन्स लावून बसलो होतो. एक पोलीस थांबला. आधी कन्नडात चौकशी, मग मराठीत दरडावणी. "बॉर्डरजवळ कसला फोटो? परमिशन हाय?"

वैशाली जागची हललीसुद्धा नाही. "सूर्याचा काढतोय साहेब. तो रोज बॉर्डर ओलांडून पलीकडं जातोय. आधी त्याची परमिशन बघा, मग आमची!"

पोलीस हसला नाही. पण गेला.

*

बेळगावातल्या एका प्रदर्शनात आम्ही सूर्यावरच्या डागांचा फोटो दिला. परीक्षक म्हणाले, "टेक्निकली ओके. पण यात माणूस कुठाय?"

पारीसनं हात जोडले. "सर, समदी मानसं ज्याच्यावर जगत्यात, त्योच हाय की!"

बक्षीस एका मांजराच्या फोटोला मिळालं. माणूस त्यातही नव्हता.

*

आता सदलग्याचं सांगतो. एका दिवाळीत सूर्य ग्रहण लागलेलाच मावळणार होता. बेळगावात आमच्या पश्चिमेला नुसत्या इमारती. पारीसच्या गच्चीवरून मात्र थेट उसाच्या फडापर्यंत मोकळं. आम्ही दुपारीच कॅमेरे मांडले.

पारीसच्या आईला सगळे आक्का म्हणतात. पक्क्या जैन घरातली बाई. सूर्य मावळला की सकाळपर्यंत तोंडात घास नाही. अलीकडं शुगरच्या गोळ्या सुरू झालेल्या, आणि उपाशी झोपायचं नाही असं डॉक्टरनं बजावलेलं. ती रोज मावळतीच्या आधी जेवायची, आणि आज नेमकं त्याच वेळी ग्रहण! लवकर जेवून घ्यावं तर दुपारभर घर पाहुण्यांनी भरलेलं.

शेजारच्या गच्चीवरून म्हातारे आप्पा ओरडले, "आक्का, ग्रहणात जेवायचं न्हाय बरं का! आन् त्या पोरांस्नी उतरवा खाली. अवदसा आणत्यात घरात!"

आजूबाजूच्या गच्च्यांवरची माणसंही माना डोलवायला लागली.

सूर्य कडेनं उंदरानं कुरतडल्यासारखा दिसत होता आणि झपाझप खाली चालला होता. पारीसचा चेहरा उतरला. कॅमेऱ्यावरून माझं लक्षच उडालं. ही बाई आता रात्रभर उपाशी राहणार, तेही दिवाळीत! मला आप्पांचा असा संताप आला की मी तोंड उघडणारच होतो.

तेवढ्यात आक्का ताट घेऊन जिना चढून आली. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगांची चटणी. आमच्या तिघांच्या मधोमध तिनं मांडी घातली.

"किती ऱ्हायलाय गं त्यो?"

वैशालीनं काळा फिल्टर तिच्या डोळ्यांपुढं धरला. आक्कानं सूर्य नीट न्याहाळला.

"आक्का, ताट ठिवा खाली!" आप्पा कठड्यावरून वाकून ओरडले. "राहू गिळतोय त्येला!"

आक्कानं भाकरी मोडली.

"गिळू दे. जेवढा उरलाय, तेवढ्यात माझं जेवण हुतंय!"