कुंभारणीची कंबर

शाळेत मुलं मला 'देठवाले सारू' म्हणतात; सारू म्हणजे तेलुगूतले सर. तोंडावर नाही, पाठीमागे. पण आमच्या तामसी गावच्या बसमध्ये पाठीमागची गोष्ट तोंडावर यायला वेळ लागत नाही.

नाव चुकीचं आहे असं मी म्हणू शकत नाही. मी जीवशास्त्र शिकवतो आणि देठ दिसला की मला राहवत नाही. पानाचा देठ वेगळा, फुलाचा वेगळा, अळूच्या देठाची भाजी होते ती का, हे मी न विचारता सांगतो. बाजारात वांगं हातात धरून मी सुरू झालो की भाजीवाला पिशवी माझ्या गळ्यात घालतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. माझा सगळ्यात लाडका देठ मात्र किड्यांचा. मुंगीच्या, गांधीलमाशीच्या छाती-पोटाच्या मधे जी दोऱ्यासारखी कंबर असते, तीही देठच. "पोट देठावर आहे म्हणून माशीला ते हवं तसं वळवता येतं," असं वर्गात सांगितलं, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "अन् तुमचं, सारू?" माझं पोट देठाच्या भानगडीत न पडता थेट छातीपासून सुरू होतं. मी मुलांबरोबर हसलो आणि त्याच आठवड्यात दोन सदरे सैल करायला टाकले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण मातीचं घर बांधू लागली. कुंभारीण म्हणजे काळी-पिवळी, मातीच्या गोळ्या आणून लिंपणारी गांधीलमाशी. शेजारच्या मावशी विरजण मागायला आल्या आणि चौकटीकडे बघत उभ्याच राहिल्या.

"अवो मास्तर, कुंभारीण आली घरात! आता पाळणा हालते पाहा. हात नका लावू तिले."

बायको विरजण आणायला आत गेली. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. नागपूरच्या दवाखान्याच्या खेपा करून झाल्या, हाती काही लागलं नाही, आणि मग आम्ही दोघांनीही तो विषय काढणं सोडलं. मला मूल हवंच होतं. तिला अजून हवंय का, हे विचारायची माझी छाती होत नव्हती. त्यामुळे त्या अवघड क्षणी मला जे येतं तेच मी केलं. माशीला पाळण्याशी काही देणंघेणं नसतं, ती कोळी पकडते, कंबर वाकवून त्याला डंख मारते आणि त्या मातीत पिल्लांसाठी भरून ठेवते, असं सगळं मावशींना समजावलं. मावशी विरजण घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी ती खिडकी लावली नाही. आदिलाबादकडच्या उन्हाळ्यात भर दुपारी खिडकी उघडी ठेवणारा माणूस एक तर वेडा असतो नाहीतर माझ्यासारखा शिकलेला. अंगाची लाही होत होती.

"खिडकी काऊन लावत नाही?" बायकोनं विचारलं.

"निरीक्षण करून राह्यलो," मी रुबाबात म्हणालो. नवसाला बकरं कबूल करणाऱ्या माणसाला मी वर्गात नावं ठेवतो. मी तर एका माशीपुढे घाम गाळत बसलो होतो.

अशाच एका दुपारी खिडकीतून मला बायको दिसली. मागच्या नळाजवळची जमीन तापून भेगाळली होती. तिनं तांब्याभर पाणी तिथं ओतलं, पायानं माती जरा कालवली आणि बाजूला होऊन डोक्यावर पदर घेत उन्हात बसली. थोड्या वेळानं कुंभारीण आली, त्या चिखलातली गोळी उचलली आणि माझ्या डोक्यावरून चौकटीकडे गेली. बायको ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग तिनं पुन्हा पाणी ओतलं.

मी अनवाणीच मागच्या दारानं बाहेर पडलो, पाय पोळले, आणि तिच्यापुढे उभा राहिल्यावर तोंडातून आलं काय तर, "तिची कंबर पाह्यली का? अख्खं पोट तेवढ्याशा देठावर..."

तिनं वर पाहिलं.

"मले मूल पाह्यजे," मी म्हणालो. "अजून बी पाह्यजे."

"मले वाटलं, तुमाले आता नको हाये," ती म्हणाली. "म्हणून मी गप्प बसली."

"मले नको? मंग त्या झळीत खिडकी उघडी ठेवून मी काय करून राह्यलो?"

ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्याशेजारी त्या चिखलात बसलो.