ब्रेकखाली अडकलेला लाल सिलिंडर

गेल्या रविवारी दुपारी बार्शी रोडवर माझ्या गाडीचा ब्रेक दाबलाच गेला नाही. आज आठवडा होत आला तरी राग जात नाहीये... म्हणून लिहितेय. कुणाला टोचलं तर टोचू दे.

आमची गाडी छोटी, सीएनजीवरची, घेऊन जेमतेम सहा महिने झालेत. डिकी सगळी गॅसच्या टाकीनेच खाल्लीय. म्हणून मीच हट्ट धरला होता की आग विझवायचा तो छोटा लाल सिलिंडर गाडीत हवाच, आणि तोही हाताशी.

महिन्याभरापूर्वी ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. सोबत सासरे, म्हणजे आमचे अप्पा. दुकानदाराने सिलिंडर बसवायची लोखंडी पट्टी काढली, ड्रिल मशीन काढलं... आणि अप्पांनी हात आडवा घातला. "ब्याड, ब्याड. नव्या गाडीला भोक पाडायचं न्हाय." ब्याड म्हणजे नको; चिडले की अप्पा अर्धे कानडीत शिरतात.

गाडी घेतली त्या दिवशी चारी चाकांखाली लिंबं ठेवून, बॉनेटला विभूती लावून मगच ती गेटबाहेर काढलेली. सीटचं प्लास्टिक अजून काढू दिलेलं नाही... घाम येतो, पाठ चिकटते, पण प्लास्टिक आहे तिथेच आहे. अशा माणसासमोर ड्रिल मशीन म्हणजे काय सांगायचं.

आणि खरं सांगू? मीही गप्प बसले. मलाही ते भोक नकोच होतं. मग दुकानदाराने डबल टेप काढली. डॅशबोर्डवर देवाची मूर्ती चिकटवतात ना, तीच. माझ्या सीटच्या पुढच्या कडेला, माझ्या टाचांच्या मागे सिलिंडर चिकटवून दिला. "लई घट्ट बसलाय मॅडम, हलत न्हाय."

सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, गाडी दिवसभर बाहेर उघड्यावर उभी असते. संध्याकाळी स्टेअरिंगला हात लावता येत नाही, तिथे टेपच्या गोंदाचं काय होत असेल... हे मला कळायला नको होतं? उन्हात राहिलेल्या बाटल्यांची लेबलं सुटलेली मी रोज बघते.

रविवारी नणंदेकडे बार्शीला निघालो. मी चालवत होते, शेजारी अप्पा. एका खड्ड्यासाठी वेग कमी केला तेव्हा पायामागे काहीतरी खट्कन वाजलं. पाण्याची बाटली असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

थोडं पुढे मेंढरं रस्ता ओलांडत होती. मागची चार-पाच मेंढरं हाकत एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध आलेली, काखेत कोकरू. मी ब्रेकवर पाय दिला... अर्ध्यातच अडला. पुन्हा दिला. तसाच.

खाली बघायला वेळच नव्हता. हॉर्न दाबून धरला, गिअर खाली टाकले, हँडब्रेक ओढला. गाडी वाकडी होत होत थांबली. म्हातारी आणि बॉनेट यांच्यात हातभर अंतर राहिलं होतं.

ती ओरडली नाही. खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "बाई, गाडीला बिरेक न्हाय व्हय?" मी दार उघडलं, खाली वाकले आणि पेडलखाली अडकलेला सिलिंडर ओढून बाहेर काढला. तिने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आन् ह्यो कशाला ठिवलाय पायात?"

काय सांगणार होते मी तिला... जीव वाचवायला ठेवलाय म्हणून? माझं डोकं सणकलं होतं. दुकानदारावर, अप्पांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. बार्शी येईपर्यंत सिलिंडर अप्पांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवला होता.

सोमवारी हाफ डे टाकून दुकानात गेले, भांडायच्याच तयारीने. पोटभर बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, कोणच भोक पाडू देत न्हाय की. आमी तर काय करावं?" आणि माझी पट्टी शोधायला काउंटरचा खालचा खण ओढला.

खण पट्ट्यांनी गच्च भरलेला होता. बऱ्याचशा अजून पिशवीतच, स्क्रूसकट. सिलिंडरच्या खोक्यात येणारी पट्टी, आणि एकेका गाडीवाल्याने 'नको' म्हणून तिथेच सोडून दिलेली.

मग विचारलं, भोक न पाडता हे बसतच नाही का? "बसतंय की," तो म्हणाला, "सीटच्या बोल्टात. पण येळ जातो त्यात. आन् कोण इचारतच न्हाय." म्हणजे याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं... तरी याने टेप काढली.

उभी राहून करून घेतलं. या वेळी शेजारची, अप्पांची सीट मागे सरकवली, गाडीचाच बोल्ट सैल केला, त्याखाली जाड पट्टी घातली, तिच्यावर सिलिंडरची पट्टी, आणि बोल्ट पुन्हा आवळला. वीस मिनिटं. मी दोन्ही हातांनी ओढून बघितलं, गाडी हलली पण सिलिंडर नाही. भोक एकही नाही.

घरी आल्यावर अप्पांनी वाकून बघितलं, बोल्टावरून बोट फिरवलं. "तवा मी गप बसायला पायजे होतं," एवढंच म्हणाले. आणि तेव्हा मी बोलायला हवं होतं, हे आता कुणाला सांगू...

मंडळी, आज गाडीत बसायच्या आधी सीटखाली हात घाला. सिलिंडर हलवून बघा. हलला, तर तुमची पट्टी अशाच कुठल्यातरी दुकानाच्या खणात पडलीय, जाऊन घेऊन या. माझ्यापुढे एक म्हातारी होती आणि हातभर अंतर मिळालं, त्याबद्दल मी देवाचे आभार मानले. तुमच्यापुढे कोण असेल ते तुम्हाला अजून माहीत नाही.