सुंदराबाईची उशी

अनुपमाला कुणी हाक मारली तर ती नुसती मान वळवत नसे, कमरेपासून अख्खी वळत असे. पोलादपूरच्या त्या आळीतल्या बायका म्हणत, "मुरारीची बायको भारी तोऱ्यात हाय." तोरा कसला डोंबलाचा! मानेचे मणके झिजले होते. महाडच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरून सांगितलं होतं, "हे दुखणं आता जन्माचं. औषधापेक्षा उशी सांभाळा. मानेखाली भरीव हवी, डोक्याखाली खोलगट." सांगायला काय जातं? अशी उशी काय बाजारात वाट्यावर मिळते?

गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची. मान गेली ती सासूला उचलून उचलून. खुब्याचं हाड मोडल्यापासून सुंदराबाई खाटेला खिळली होती. तिला उठवायचं, बसवायचं, कुशीवर वळवायचं, सगळं अनुपमानेच. मुरारी तहसील कचेरीत कारकून. घरी आला की दारातूनच विचारायचा, "आईने औषध घेतलं?" आणि चहाची वाट बघत बसायचा. नणंद बनुबाई सणासुदीला मुंबईहून यायची, आईच्या उशाशी बसून रडायची आणि दुसऱ्या गाडीने परत जायची. अनुपमाचं माहेर महाडला, एसटीने हाकेच्या अंतरावर. पण म्हातारीला एकटं टाकून जायचं कसं? मुलखात एवढ्या गाड्या धावत होत्या, आणि ही मात्र त्या दोन खोल्यांत.

उशा तिने कमी पाहिल्या नाहीत. लग्नातली उशी इतकी टच्च भरलेली, की हनुवटी छातीला टेकायची. बनुबाईने फोमची आणली, ती डोक्याला उलट वर ढकलायची. टॉवेलची गुंडाळी केली तर ती पहाटे पायाशी सापडायची. उशीच नको म्हणून सपाट झोपून पाहिलं, तर बोटांपर्यंत मुंग्या. दिवसा सासूचं ओझं आणि रात्री स्वतःच्याच डोक्याचं. वैताग आला होता बिचारीला.

एका दुपारी सासूला न्हाऊ घालून तिने पडवीत खुर्चीवर बसवलं आणि खाटेवरची चादर बदलायला आत आली. बदलता बदलता टेकली, टेकली ती आडवी झाली, आणि चक्क झोपली. जागी झाली ती पडवीतल्या आरडाओरड्याने. "गो अनुपमे, मेलीस का काय?" अनुपमा उठून बसली आणि तिच्या ध्यानात आलं, मान दुखत नाहीये. म्हातारीची ती जुनी उशी! उमरठच्या माहेरच्या झाडाचा सावरीचा कापूस, स्वतः वेचून भरलेला. वर्षानुवर्षं डोकं टेकून मधे खळगा पडलेला, मानेखाली कापूस साठलेला. डॉक्टर सांगत होते ती हीच.

आता मागायची कशी? आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. उशीसकट गाठोडं बांधून सावित्रीच्या काठाला टाकून येतात. म्हातारी तर दिवसेंदिवस खंगत चाललेली. उशी मागावी, तर सून मरणाची वाट बघते म्हणतील. न मागावी, तर एक दिवस नदीवर जाणारच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

मग तिने लबाडी केली. दारावर पिंजारी आला, त्याच्याकडून सावरीच्याच कापसाची उशी भरून घेतली, तसल्याच निळ्या पट्ट्यांच्या कापडाची. रोज तिच्यावर बसून ती चेपली, चहाचे दोन डागही पाडले. अंथरुणं उन्हात घातली त्या दिवशी उशा बदलल्या.

त्यानंतर अनुपमा झोपली, अगदी पोटभर. सकाळी खिडकीबाहेरून जाणारी एसटी तिने नुसती मान वळवून पाहिली आणि एकटीच हसली. पण चहात साखर कमी पडली तरी घर डोक्यावर घेणारी सासू आता गप्प होती. डोळे लाल. एकदा अनुपमाने पाहिलं तर म्हातारी मानेखाली स्वतःचा दंड घेऊन पडली होती. अनुपमा तशीच आतल्या खोलीत गेली. जुनी उशी घेऊन ती खाटेशी आली.

"आई, चुकले मी. ही घ्या तुमची."

"ठेव ती खाली," म्हातारी म्हणाली. "पयल्याच दिवशी कळलं मला. माझ्या उशीच्या कोपऱ्यात येखंड शिवलंय, त्याचा वास कुठं हाय हिला?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू परत दिली असतीस, आन् मी मेल्यावर गेली असती नदीवर. मला उचलून तुझी मान मोडली गो. मला काय दिसत नाय?"

अनुपमा रडली. रडतच तिने जुनी उशी सासूच्या डोक्याखाली सारली. म्हातारीने ती ओढून खाली टाकली. पुन्हा सारली, पुन्हा टाकली. दोघी हट्टाला पेटल्या. शेवटी ती उशी खाटेशेजारच्या स्टुलावर पडून राहिली आणि सासू-सून दोघीही माना आखडून झोपू लागल्या. सुंदराबाई म्हणायची, "बनू येऊ दे. तिच्यासमोर देते तुला, म्हंजे कोण बोलायचं नाय."

बनू आली ती मातीलाच.

तिरडी उचलून माणसं निघाली. खाटेवरचं अंथरूण गोळा करायला शेजारचा चंदू मागे थांबला होता. त्याने नवी उशी गाठोड्यात घातली आणि स्टुलाकडे हात केला. "ही कोनाची?"

"माझी," अनुपमा म्हणाली.

बनुबाईने डोळे पुसले, पाहिलं. "ही तर आईची. मी ओळखत नाही का?"

"आईंनी मला दिली."

"कधी दिली? कुणासमोर?"

खोलीभर बायका, आणि सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. मान खाली घालावी असं अनुपमाला फार वाटलं, पण त्या मानेला खाली जाताच येत नव्हतं. ती ताठ उभी राहिली. "माझी आहे," ती पुन्हा म्हणाली, आणि चंदूच्या हातातून तिने उशी काढून घेतली. आतल्या खोलीत जाऊन ती जमिनीवर आडवी झाली. वेखंडाचा वास आला. बाहेर बनुबाई हंबरडा फोडत होती. अनुपमाला वाटलं, आता आपल्यालाही रडू येईल.

पोलादपुरात अजून सांगतात, सासूला नदीवर नेलं आणि सून तिच्याच उशीवर घोरत पडली.